रडूबाईच्या वळणावर कुणी उतरायचं नाही

बेर्साबेचा घसा आता सुटलाय. मागच्या रविवारी चर्चमध्ये माझ्या मागे कुणीतरी इतकं गोड गात होतं की मी वळून पाहिलं, म्हटलं ही कोण नवी पाहुणी आली आपल्या वस्तीत! तर हीच. डोळे वटारून म्हणाली, "पुढे बघ, नोओरा, देव तिकडे आहे." एवढी वर्षं ही बाई माझ्या कानाशी ओरडत आली, आणि तिचा खरा आवाज मला आता या वयात ऐकायला मिळाला.

ती ओरडायची का, ते सांगते. बोगोता शहराच्या दक्षिणेला जे डोंगर आहेत, त्यातल्या एकाच्या अगदी डोक्यावर आमची वस्ती, एल कुरुबो. वर जायला रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर एक वळण असं आहे की देवानं ते रागाच्या भरात केलं असावं. त्याचं नाव रडूबाई. कुठलीही बस तिथं आली की रडायचीच. आधी हुंदके, मग भोकाड, मग काळा धूर, आणि मग ठप्प. त्याच वळणावर माझी टपरी. मी आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या भाजते आणि सोबत गुळाचं गरम पाणी देते. उभा जन्म त्या धुरात आरेपा भाजल्या मी. लोक म्हणायचे, नोओराच्या आरेपांना काहीतरी वेगळीच चव आहे. आता बोला!

तर बस ठप्प झाली की सगळ्यांनी उतरायचं. धडधाकट माणसांनी वळण पायी चढायचं, हलकी झालेली बस मागून रडत रडत वर येणार, पुढे सपाटीला थांबणार, तिथं पुन्हा चढून बसायचं. हे कुठल्या सरकारनं ठरवलेलं नव्हतं, बेर्साबेनं ठरवलं होतं. वस्ती नवी होती तेव्हाची गोष्ट. बस अडकलेली, ड्रायव्हर बिचारा हात जोडतोय, आणि बाप्ये आपले खिडकीबाहेर बघत बसलेत, जसं काही कानात बोळे घातलेत. बेर्साबे तेव्हा बोयाका प्रांतातल्या बटाट्याच्या शेतातून नुकती लग्न होऊन आलेली. तोंडातून शब्द निघायचा नाही तिच्या. ती उठली आणि ओरडली, "उतरा! देवानं पाय दिलेत ना? ज्याला पाय आहेत तो खाली!"

बस रिकामी झाली. तेव्हापासून ते काम तिचंच. कायदाही तिचाच. पोटुशी बाई बसणार, कडेवर लेकरू असलेली बसणार, गॅसची टाकी घेऊन आलेला टाकीला मिठी मारून बसणार. बाकी कुणाचं काही एक ऐकायची नाही. एकदा आमचे फादर बसून राहिले, तर त्यांना म्हणाली, "फादर, स्वर्गात बसून जा हवं तर. इथे चालत." फादर झगा सावरत उतरले आणि माझ्याकडून आरेपा घेऊन खात खात वर गेले.

तिचा नवरा प्लुतार्को. विटांच्या भट्टीवर कामाला होता. उमेदीत असा गडी, की वळणावर उतरून नुसता चालायचा नाही, बसला मागून खांदा द्यायचा. भट्टीतल्या वाकड्यातिकड्या, कुणी विकत न घेतलेल्या विटा त्यानं पाठीवरून वर वाहिल्या आणि घर बांधलं. एक भिंत सरळ नाही त्या घरात. पण वारा आत येत नाही आणि खिडकीतून सगळं शहर पायाशी दिसतं. पुढे त्या भट्टीनंच त्याची छाती खाल्ली. आता नाकात नळी, सोबत ऑक्सिजनची छोटी टाकी, आणि चढावर चार पावलं टाकली की ओठ निळे. दवाखान्यात मात्र दर आठवड्याला खाली जावंच लागतं.

आणि इथं बेर्साबेच्या कायद्याची पंचाईत झाली. वळण आलं, ती ओरडली, सगळे उतरले, आणि प्लुतार्को बसून राहिला. बाप्या माणूस, पोटुश्या बायकांच्या रांगेत! पहिल्याच दिवशी त्यानं युक्ती काढली. वळण जवळ आलं की हॅट डोळ्यांवर ओढायची आणि झोपेचं सोंग घ्यायचं. अख्ख्या वस्तीनं ते सोंग खरं मानलं. त्याच्या शेजारून लोक पाय न वाजवता उतरायचे. कुणी म्हणायचं, "हळू रे, काका झोपलेत." आणि काका हॅटखाली टक्क जागे, धूर गिळतायत, खोकला दाबतायत. टपरीवरून मला खिडकीत दिसायची ती नुसती हॅट. काय वाटायचं मला ते बघून! मी आरेपा उलटायला घ्यायची, नसली उलटायची तरी.

मग बातमी आली की आमच्या मार्गाला विजेवरच्या बस येणार. खाली शहरात त्या कधीपासून फिरत होत्या. धूर नाही, आवाज नाही. दवाखान्यातली डॉक्टरीण प्लुतार्कोला म्हणाली, "फार छान झालं. तुमच्या छातीला तो बसचा धूर विषच आहे." बेर्साबे त्या दिवशी नाचायची तेवढी बाकी होती. पण तिचा आनंद उतू जातोय तोवर दुसरी बातमी आली. बॅटरीमुळे ही गाडी अंगानं जड असते. माणसांनी गच्च भरल्यावर ती रडूबाई चढेल की नाही, याची साहेबलोकांना खात्री नाही. शनिवारी चाचणी आहे. नाही चढली तर मार्ग वळणापर्यंतच ठेवणार, आणि जुन्या बस तर बंदच होणार.

म्हणजे शेवटचा थांबा माझ्या टपरीसमोर! खोटं कशाला बोलू, असं ऐकून कुठल्या आरेपावालीला वाईट वाटेल? मला आतून गुदगुल्या झाल्या. जास्तीचं मक्याचं पीठ कुठं ठेवायचं, इथवर माझं डोकं धावलं.

संध्याकाळी बेर्साबे टपरीवर आली. गुळाचं पाणी हातात धरून बसली, प्याली नाहीच.

"इथून वर त्याला कसं नेऊ गं, नोओरा?"

मी चुलीवरची आरेपा बाजूला काढली.

"लेक म्हणते, दोघं सोआचाला माझ्याकडे येऊन राहा. तळमजल्यावर एक खोली आहे तिच्याकडे. आणि प्लुतार्को काय म्हणाला माहितीये? जाऊ या म्हणाला. लगेच! भांडला असता, आदळआपट केली असती, तर बरं वाटलं असतं मला. त्या घराची वीट न् वीट त्यानं पाठीवर आणलीये गं. आणि नुसतं, जाऊ या."

झालं. माझ्या गुदगुल्या तिथंच विरल्या. तिच्या हातातलं गार झालेलं पाणी ओतून दिलं आणि दुसरं गरम दिलं, तेवढंच माझ्या हातात होतं.

शनिवारी वाहतूक खात्याचे साहेब आले. सिफुएन्तेस नाव. गळ्यात टाय आणि थंडीनं लाल झालेलं नाक. त्यांची अट सरळ होती: बस गच्च भरायची आणि ते सगळं वजन घेऊन पायथ्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत चढवायची. वजनासाठी वाळूची पोती आणायचं ठरलं होतं. बेर्साबे पुढे झाली.

"पोती कशाला? रोज बसनं पोती जाणार आहेत की आम्ही?"

"बाई, चाचणी आहे. थोडी जोखीम असते..."

"जोखीम? साहेब, आमच्या जुन्या बसचे ब्रेक कधी बघितलेत का? आम्ही कार्मेनमातेच्या भरवशावर उतरतो हा डोंगर."

साहेबांनी हात टेकले. बस चालवायला युरानी होती. आमच्याच वस्तीतली पोर, आईच्या कडेवर बसून रडूबाई चढलेली, आणि पुढे दप्तर पाठीला लावून तेच वळण रोज तुडवणारी. आता नव्या गाडीचं शिक्षण घेऊन, कोरा गणवेश घालून आली होती. काचेच्या कोपऱ्यात तिनं कार्मेनमातेचं चित्र लावलं होतं. ड्रायव्हरांची देवी ती; गाडी डिझेलवर चालो की विजेवर, तिला सगळं सारखंच.

पायथ्याशी आम्ही बस खच्चून भरली. मीही टपरी बंद करून गेले. माझं वजन जन्मात पहिल्यांदा कुणाच्या कामी येणार होतं, ती संधी कोण सोडेल? बस कधी निघाली तेच कळलं नाही. खिडकीतला विजेचा खांब मागे सरकायला लागला, तेव्हा आम्ही ओरडलो. ना घरघर, ना खडखड. शेवटच्या बाकावरची कुजबुज पुढच्याला ऐकू येत होती, त्यामुळे बायकांची मोठीच अडचण झाली. कुणाबद्दल काही बोलायची सोयच उरली नाही.

वळण जवळ आलं. प्लुतार्कोनं हॅट डोळ्यांवर ओढली.

आणि रस्त्याच्या मधोमध झोपला होता कायसर. कायसर माझा कुत्रा. तिथंच झोपायचा, आणि खालून बसचं रडणं ऐकू आलं की आळस देत उठायचा. ही बस रडलीच नाही, मग तो कशाला उठतोय? युरानीनं ब्रेक दाबला. बस थांबली, ऐन चढावर, ऐन रडूबाईवर.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. बेर्साबे ताडकन उठली. "उतरा! पाय आहेत ते सगळे खाली!" आणि युरानीनं, एवढ्या शिकूनसवरून आलेल्या त्या पोरीनं, सवयीनं दार उघडलं. आम्ही उतरलो की सगळे! मी सुद्धा! तरण्या पोरांनी मागून खांदे दिले. कायसर उठून बाजूला झाला, बस सुळकन वर निघून गेली, आणि आम्ही तिच्या मागून "चढली! चढली!" म्हणून नाचत, एकमेकांना मिठ्या मारत वर पोचलो.

वर सिफुएन्तेस साहेब बसमधून उतरून उभे होते. चेहऱ्यावर असा भाव, जसं काही त्यांच्या डोळ्यांदेखत कुणी त्यांचा खिसा कापला.

"तुम्ही सगळे उतरलात कशाला?"

"चढली ना साहेब!" बेर्साबेला धाप लागली होती, पण तोंडभर हसू. "बघितलंत ना?"

"रिकामी चढली, बाई. आत मी होतो, ड्रायव्हर होती आणि एक झोपलेले आजोबा. याला चाचणी कसं म्हणू मी?"

साहेब तसा वाईट माणूस नव्हता. त्यालाही बोलताना जड जात होतं. म्हणाला, सोमवारी मार्ग कायम होणार. तोवर दुसरी चाचणी होणं नाही. सध्या तरी बस वळणापर्यंतच. युरानी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली, "दार मी उघडलं, मी उघडलं." बेर्साबे रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसली. "तू नाही गं पोरी," ती म्हणाली, "मी. माझ्या या तोंडानं मी माझं घर घालवलं." तिला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. जिच्या ओरडण्यानं अख्खी बस हलायची ती बाई पुटपुटत होती, आणि मला रागच आला. कुणाचा ते कळेना, म्हणून कायसरचा आला.

तेवढ्यात बसच्या दारात प्लुतार्को दिसला. एका हातात टाकी, दुसऱ्या हातात हॅट. एक पायरी उतरला, थांबला, दुसरी उतरला.

"साहेब, ते झोपलेले आजोबा मी. पण मी झोपलो नव्हतो."

सगळी वस्ती खाली मान घालून आपापले बूट बघायला लागली.

"मी कधीच झोपलो नव्हतो," तो म्हणाला. मग जरा श्वास घेतला. "पाय आहेत मला, दम नाही. वळण आलं की लाज वाटते, म्हणून सोंग घेतो. आणि ही माझी बायको. ती ओरडली नाही तर बस चढत नाही, आणि बस चढली नाही तर मी घरी पोचत नाही. म्हणून ओरडते. तिला गुन्हेगार ठरवू नका. पुन्हा एकदा न्या आम्हाला. मी तिच्या शेजारी बसतो. ओरडली तर तोंड दाबून धरीन."

"इतक्या वर्षांत जमलं नाही, ते आता जमणार होय काका?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही रडता रडता हसलो. साहेबही हसले. मग त्यांनी युरानीला विचारलं, गाडीत तेवढी वीज आहे का? डोळे पुसत ती म्हणाली, आहे, शिवाय उतारावर गाडी आपली आपण थोडी भरून घेते.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "एकदाच. पण आता त्या वळणावर मी मुद्दाम थांबायला लावणार. भरलेली बस, त्याच जागी थांबवायची आणि तिथून चढवायची. रोज असा एखादा कुत्रा मध्ये येणारच."

चालत्या गाडीचं एक, पण उभी राहिलेली गाडी रडूबाईवरून हललेली आमच्यापैकी कुणी बघितली नव्हती.

खाली जाताना कायसरला टपरीच्या खांबाला बांधलं आणि पायथ्याशी आम्ही पुन्हा बस भरली. प्लुतार्को खिडकीशी, शेजारी बेर्साबे. हॅट त्यानं टाकीवर ठेवून दिली होती.

वळण आलं. "थांबव," साहेब म्हणाले.

बस थांबली. काय ती शांतता! सगळ्यांचे पाय शिवशिवत होते. एक जण सवयीनं उठलाच, तर तीन-चार हातांनी त्याचा लोकरीचा रुआना खेचून त्याला खाली बसवलं. बेर्साबेचं तोंड उघडलं. प्लुतार्कोचा तळवा तिच्या तोंडावर बसला, आणि ती त्याच्या तळव्यातच ओरडली. आम्हाला ऐकू आलं ते नुसतं "उं".

युरानीनं कार्मेनमातेला बोट लावलं आणि पाय दाबला. एक क्षण काहीच झालं नाही. संपलं, मी म्हटलं, आता ही मागे जाणार. आणि मग खिडकीत माझी टपरी हळूहळू खाली जायला लागली. आधी पत्रा, मग चूल, मग खांबाला बांधलेला कायसर. टपरी तर जागची हलत नव्हती. आम्हीच वर चाललो होतो. हुंदका नाही, भोकाड नाही, काही नाही. कुणी ओरडलं नाही की टाळी वाजवली नाही. जरा जोरात श्वास घेतला तर बस बिघडेल, असं बसलो होतो सगळे.

वर पोचलो. दार उघडलं. कुणी जागचं उठेना.

"अहो, पोचलो आपण," साहेब म्हणाले. "चढली. पास झाली तुमची बस. उतरा आता."

तरी कुणी हलेना. आम्ही सगळे बेर्साबेकडे बघत होतो. आमच्या वस्तीत बस तिच्या शब्दाशिवाय रिकामी होत नाही. आणि ती तर प्लुतार्कोच्या रुआन्यात तोंड खुपसून मोठमोठ्यानं रडत होती. जीव असा भांड्यात पडला होता तिचा, की तिला आवरताच येईना. तो तिच्या पाठीवर थोपटत होता. मग त्यानं मान वर करून आमच्याकडे बघितलं. बसलेल्यांकडे, उभ्यांकडे, पार मागच्या बाकापर्यंत सगळ्यांकडे.

"इतकी वर्षं या वळणावर मी एकटा बसून यायचो," तो म्हणाला. "आज सगळे माझ्यासोबत बसून आलात."

साहेब टायशी चाळा करत काचेतून बाहेर बघायला लागले. शेवटी बेर्साबेनं नाक पुसलं आणि बसक्या आवाजात म्हणाली, "आता उतरा की! का एकेकाला उचलून ठेवू?"

सोआचाच्या लेकीला तिनं कळवून टाकलं, की त्या खोलीत आता कोंबड्या पाळ.

माझ्या धंद्याचं म्हणाल, तर वळणावर आता सगळी बस उतरत नाही. ज्याला आरेपा हवी तोच उतरतो. वर ऐकवतात मला, की नोओरा, तुझ्या आरेपांची ती चव राहिली नाही. म्हटलं, मेल्यांनो, धुराची चव होती ती, जुन्या बसच्या मागे जाऊन चाटा. कायसरनं मात्र फार मनाला लावून घेतलं. उठायचं कधी हेच त्याला कळेना, म्हणून आता तो टपरीच्या मागे झोपतो.

दवाखान्याच्या दिवशी मी बसची वाट बघते. ती वळणावर येते, युरानी वेग जरा कमी करते, आणि खिडकीत प्लुतार्को असतो. हॅट असते, पण हातात. मला बघून हलवतो. मी चिमटा वर करून ओरडते, "काय प्लुतार्कोभाऊ, झोप झाली का?"

आणि बसला आवाजच नसल्यामुळे त्याचं उत्तर मला टपरीत ऐकू येतं.

"झाली, नोओरा. पोटभर झाली."